कौसामावशीचं दुसरं दार

बाळांनो, बसा. मांडी घालून नीट बसा आणि दारातल्या चपला जरा बाजूला सरकवा बघू. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण नको. आजची गोष्टच मुळी अडचणीची आहे.

एका जंगलात एक टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात तीन घरं होती. पहिल्या घरात रंगराव अस्वल राहायचे. दुसऱ्यात भानूअण्णा साळिंदर, त्यांची बायको चंद्राबाई आणि अण्णांचे म्हातारे वडील, बापू. तिसऱ्या घरात कौसामावशी नावाचं खवले मांजर एकटंच राहायचं. खवले मांजर म्हणजे अंगभर कौलांसारखे खवले असलेला, मुंग्या खाणारा, अतिशय लाजाळू प्राणी. मावशींशी कुणी बोलायला गेलं, की त्या अंगाचा चेंडू करायच्या. त्यामुळे त्या फार समजूतदार आहेत, असा त्यांचा लौकिक होता.

टेकडीवरून ओढ्यावर जायला एकच बोळ होता. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि मधे वाट. वाट सगळ्यांची होती. ती कुणाच्या आजोबांनी पाडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्यावरून कधी भांडण झालं नव्हतं.

मग रंगरावांनी ओंडका आणला.

ओंडका साधासुधा नव्हता. पुरात वाहून आलेला, अस्सल सागवानी, दोन अस्वलं शेजारी-शेजारी बसतील एवढा. टेकडीवरच्या कुणाकडेही तसा ओंडका नव्हता. रंगरावांनी सगळ्यांना बोलावून मोहाची फुलं वाटली. भानूअण्णांनीही मूठभर खाल्ली आणि ओंडक्यावरून पंजा फिरवला.

"काय तुकतुकीत आहे हो, रंगराव!"

"तुमचे आशीर्वाद, अण्णा."

"पण करणार काय याचं?"

"करायचं काय म्हणजे?" रंगराव चकित झाले. "ओंडका आहे ना आता आपल्याकडे!"

ओंडका रंगरावांच्या गुहेत मावेना. गुहेसमोर ठेवावा तर ऊन लागून भेगा पडायच्या. बोळात मात्र दिवसभर सावली. तेव्हा रंगरावांनी तो बोळात लावला. धूळ बसू नये म्हणून वर पळसाची पानं पांघरली. मायेनं एक थाप मारली आणि ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानूअण्णा पाण्यावर निघाले आणि बोळाशी येऊन थबकले. ओंडका आणि कातळ यांच्यामध्ये एक फट उरली होती. रंगराव काय, एक ढांग टाकून ओंडक्यावरून जायचे. पण साळिंदराचे पाय आखूड. अण्णांनी काटे अंगाला चिकटवले, श्वास रोखला आणि ते फटीत शिरले.

गेले की हो! अगदी अलगद गेले.

परत येताना मात्र त्यांच्या मनात आलं, की माझ्या वाटेनं मीच असा चोरासारखा का जातोय? हा विचार येताच त्यांचे काटे ताडकन उभे राहिले. आता बाळांनो, साळिंदराला राग आला की काटे उभे राहतात, यात त्याचा काही दोष नाही. पण अण्णा अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी डोळे मिटून त्यांनी भाजलेली रताळी आठवली, चंद्राबाईंचं माहेर आठवलं, हळूहळू राग उतरला आणि ते सुटले.

तेव्हा अण्णांना कळून चुकलं. रंगरावांनी वाट ठेवली होती. पण ती शांत साळिंदराच्या मापाची होती.

घरी आल्यावर चंद्राबाई म्हणाल्या, "दात कशाला दिलेत देवानं? कुरतडून टाका तो ओंडका."

"छे छे! कायदा असा दातात घ्यायचा नसतो," अण्णा म्हणाले. "शेजारी आहेत आपले. बोलून बघू."

ते बोलायला गेले. रंगराव गुहेच्या तोंडाशी पाठ खाजवत बसले होते. अण्णांना बघून त्यांना खराखुरा आनंद झाला. तसे ते मनानं फार मोठे होते.

"या या, अण्णा! ओंडक्याबद्दल ना? अहो, मला सांगायचं होतं! आत्ता काढतो. हे एवढं खाजवून झालं की काढतो."

"बरं झालं. म्हणजे माझं काही नाही, पण बापूंना..."

"बापू म्हणजे मला वडिलांच्या जागी! आणि अण्णा, एक सांगू? तो ओंडका माझा समजूच नका. आपलाच समजा."

अण्णा भारावून घरी आले. "आपलाच समजा म्हणालेत," त्यांनी बायकोला सांगितलं.

"मग आपलाच आहे तर उचलून आणा घरी," चंद्राबाई म्हणाल्या.

ओंडका हलला नाही. रंगराव भेटले की आधी स्वतःच म्हणायचे, "अण्णा, लक्षात आहे बरं का!" आणि खरंच, त्यांच्या लक्षात असायचं.

अण्णांचं एक वेळ भागत होतं. रोज सकाळी रताळ्यांचं चिंतन करत ते फटीतून जायचे, यायचे. जंगलात त्यांच्या शांत स्वभावाची वाहवा होऊ लागली. पण बापूंची गोष्ट वेगळी होती. बापूंचे काटे वयोमानानं ताठरले होते. राग असो, लोभ असो, ते आता खाली बसतच नसत. बापू फटीत मावेनात.

चंद्राबाईंनी पळसाच्या पानाचा द्रोण करून पाणी आणून दिलं. बापूंनी तो द्रोण उडवून लावला.

"मी काय आजारी आहे? मला माझं पाणी माझ्या पायांनी जाऊन प्यायचंय!"

"बापू, थोडे दिवस कळ काढा," अण्णा म्हणाले.

"थोडे दिवस? अरे, माझ्याकडे तेवढेच आहेत!"

म्हातारा ऐकेना. त्यानं पाणी सोडलं. दिवस कलेपर्यंत जीभ कोरडी पडली, ओरडून ओरडून घसा बसला. भानूअण्णा नुसते घरात येरझारा घालत राहिले. काय करावं त्यांना सुचेना.

आणि तेव्हा शेजारचं दार किलकिलं झालं.

कौसामावशी दारात उभ्या होत्या. चेंडू न होता, चक्क उभ्या. जमिनीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "बापूंना म्हणावं, माझ्या घरातून जा. मला मागं अजून एक दार आहे. ते थेट ओढ्याशी उघडतं."

एवढं बोलल्या आणि लाजून चेंडू झाल्या.

त्या दिवसापासून बापू मावशींच्या घरातून पाण्यावर जाऊ लागले. जाताना त्यांच्या ताठ काट्यांनी मावशींच्या भिंतीवर ओरखडे उठायचे, छताची माती पडायची. मावशी काही बोलायच्या नाहीत. मागच्या दाराशीच एक भलंमोठं वारूळ होतं, मावशींचं रोजचं जेवण तिथलंच. बापू पाणी पिऊन परत येताना वारुळाशी टेकायचे. बापू बोलायचे, मावशी मुंग्या खात ऐकायच्या. बापूंचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा प्राणी टेकडीवर दुसरा नव्हता. म्हातारा चांगलाच टवटवीत दिसू लागला.

पण असं दुसऱ्याच्या घरातून किती दिवस जायचं? अण्णांनी ठरवलं, रीतसर दाद मागायची.

जंगलात तेव्हा तंटामुक्तीचं वारं होतं. सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली होती, की ज्या टेकडीवर एकही तंटा नाही, तिला 'आदर्श टेकडी' असा किताब मिळेल. टेकडीच्या समितीचे अध्यक्ष होते कोल्होबा. हा किताब मिळवायचाच, असा त्यांनी चंग बांधला होता. अण्णा त्यांच्याकडे गेले.

"कोल्होबा, एक तंटा आहे."

कोल्होबांनी दोन्ही कान झाकून घेतले. "अण्णा! तंटा म्हणू नका. गैरसोय म्हणा."

"बरं, गैरसोय आहे."

"गैरसोय तर सगळ्यांचीच असते," कोल्होबा हसून म्हणाले. "तरी पण मी जातीनं पाहणी करतो."

ते आले. बोळाशी उभे राहिले. मग शेपूट सावरून त्या फटीतून सुळकन पलीकडे गेले आणि सुळकन अलीकडे आले.

"मी गेलो," ते म्हणाले. "मघाशी मुंगूसही गेलं. वारा तर आरामात जातोय. मग अण्णा, अडतंय कुठं?"

"माझे काटे..."

"तेच म्हणतो मी! अडचण ओंडक्याची नाही, काट्यांची आहे. ते जरा कमी करता आले तर बघा. नाहीतरी एवढे लागतात कशाला? आता सगळीकडे शांतताच आहे."

अण्णांना हे उत्तर इतकं अनपेक्षित होतं, की त्यांनी कोल्होबांचे आभार मानले. बाळांनो, असं होतं कधी कधी. आपला अपमान झालाय हे घरी पोचेपर्यंत कळत नाही.

अण्णांना ते घरीसुद्धा कळलं नाही. कळलं ते किताबाच्या पाहणीच्या दिवशी, नेमकं फटीच्या मधोमध.

सकाळची वेळ. पाणी पिऊन नेहमीप्रमाणे ते रताळं आठवत परत निघाले होते. अर्ध्यात आले आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. 'काटे कमी करा? माझे? माझ्याच वाटेवर?'

खण्णकन सगळे काटे उभे राहिले. पाठीवरचे, मानेवरचे, शेपटीवरचे. असे उभे राहिले, की ओंडक्याच्याही वर हातभर आले. पळसाची पानं टराटरा फाटली. अण्णा बुचासारखे घट्ट बसले.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. रंगराव पहाटेच मधाचं पोळं काढायला गेले होते. आता पोळं काखेत मारून ते धापा टाकत वर येत होते आणि त्यांच्या मागे अख्खं मोहोळ उठलं होतं. घर गाठायचं तर ओंडका ओलांडायला हवा. आणि ओंडक्यावर तर भाल्यांचं कुंपण!

"अण्णा! काटे खाली घ्या!"

"घेतले असते हो," अण्णा आतून म्हणाले, "पण तुमचा आवाज ऐकला की ते जास्तच उभे राहतात!"

"अहो, माशा चावताहेत!"

"मला दिसत नाही. माझं तोंड पलीकडे आहे."

चंद्राबाई धावत आल्या. "अहो, रताळी आठवा!" त्या ओरडल्या.

"आठवतोय! पण आज रताळ्याचाही राग येतोय!"

रंगरावांचं नाक सुजून वांग्याएवढं झालं. कान सुजले. त्यांनी इकडे तिकडे उड्या मारल्या, पोळं फेकून दिलं, मोहोळ तरी हटेना. शेवटी ते कळवळून ओरडले, "अण्णा! ओंडका काढतो! आज काढतो! आत्ता, या क्षणी!"

आणि मग अण्णांचे काटे एकामागून एक खाली आले, दमून झोपी गेल्यासारखे. रंगरावांनी त्यांच्यावरून ढांग टाकली आणि थेट गुहा गाठली.

कोल्होबांनी तातडीनं बैठक बोलावली. राजदरबारचा बिबट्या दुपारी पाहणीला यायचा होता. रंगराव ओल्या मातीचा लेप लावून आले होते. एरवी चेहऱ्यावर असणारं हसू सुजेखाली गेलं होतं.

"माझी तक्रार आहे," ते म्हणाले. "अण्णांनी वाट अडवली."

"मी?" अण्णा उडालेच.

"तुम्हीच की! ओंडका तर किती दिवस आहे तिथं. मला कधी अडलं का?"

"झालं गेलं गंगेला मिळालं," कोल्होबा घाईनं म्हणाले. "रंगराव, ओंडका काढतो म्हणालात ना?"

"शब्द दिलाय, काढतो. पण ठेवू कुठं? उन्हात नाही ठेवणार, सांगून ठेवतो. सावली पाहिजे आणि घराजवळ पाहिजे."

सगळे विचारात पडले. भानूअण्णांचं अंग ठणकत होतं. हे सगळं लवकर संपावं आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

कोल्होबांनी सहज विचारलं, "तोवर निदान बापूंची तरी सोय बघायला हवी. सध्या ते पाण्यावर जातात कुठून?"

"कौसामावशींच्या घरातून," अण्णा म्हणाले. "त्यांना दोन दारं आहेत ना."

बोलून गेल्यावर अण्णांना जाणवलं, की बैठकीतले सगळे कान टवकारले आहेत.

"दोन?" कोल्होबा म्हणाले.

"दोन दारं?" रंगराव म्हणाले. "एकट्या जिवाला?"

"आणि मागचं दार सावलीत आहे का?" कोल्होबांनी विचारलं.

अण्णांनी उत्तर दिलं नाही. पण नाही असंही ते म्हणाले नाहीत. दार सावलीतच होतं.

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या मावशींकडे पाहिलं. एवढे डोळे एकदम आपल्याकडे वळलेले बघून मावशींनी जे केलं, ते त्या जन्मभर करत आल्या होत्या. त्यांनी अंगाचा चेंडू केला.

"मावशी, ओंडका तुमच्या मागच्या दाराशी ठेवायला आपली काही हरकत?" कोल्होबांनी गोड आवाजात विचारलं.

चेंडू काही बोलला नाही.

"हरकत नाही. वा! याला म्हणतात समजूतदारपणा. इतर कुणाची हरकत?"

भानूअण्णांनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं, की तिथं वारूळ आहे, ते मावशींचं जेवण आहे. पण मग पुन्हा ती फट, पुन्हा रताळी, पुन्हा बापूंची कोरडी जीभ. आणि आता आपल्यापुरतं तर मिटतंय. अण्णांनी तोंड मिटलं.

"एकमतानं मंजूर!" कोल्होबा म्हणाले.

रंगरावांनी ओंडका ढकलत नेला आणि मागच्या दाराशी, दार झाकून, वारुळावरच नीट बसवला. दुपारी बिबट्या आला. शेपटी डोलवत तो मोकळ्या बोळातून ऐटीत फिरला. टेकडीला किताब मिळाला. कोल्होबांनी शेजारधर्मावर भाषण केलं. रंगराव आणि भानूअण्णा यांनी सगळ्यांसमोर एकमेकांना मिठी मारली, म्हणजे रंगरावांनी मारली आणि लगेच सोडली. वाटेच्या प्रश्नाचा एवढा अनुभव म्हणून अण्णांना समितीवर घेण्यात आलं, गळ्यात रानफुलांचा हार पडला. काट्यांत अडकून तो हार पार फाटला, पण मान तो मानच.

अण्णा घरी आले तेव्हा बापू दाराशीच बसले होते.

"बापू, बोळ मोकळा झाला! आता हवं तेव्हा जा पाण्यावर."

"आणि ती?"

"त्यांना पुढचं दार आहे की."

"खाणार काय ती? पुढच्या दाराशी वारूळ आहे का?"

अण्णा हार काढू लागले.

"भान्या," बापू म्हणाले. हे नाव त्यांनी कित्येक पावसाळ्यांत उच्चारलं नव्हतं. "तिला दोन दारं आहेत हे त्यांना सांगितलं कुणी?"

अण्णा हाराच्या गाठीशी झटत राहिले. बापू उठले, शेजारचं दार त्यांनी ठोठावलं आणि आत गेले. त्या रात्री ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

इतका मोकळा बोळ, पण अण्णांना त्यातून जाताना मजा येईना. मावशींच्या दारावरून ते मान खाली घालून जायचे. आतून काहीतरी खरवडल्याचा, उकरल्याचा आवाज येत राहायचा. चंद्राबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलायच्या. काम म्हणजे "सरका".

आणि एके सकाळी बोळातून जोरात किंकाळी आली.

अण्णा धावत गेले. बोळाच्या ऐन मध्यावर एक मोठं गोल बीळ पडलं होतं आणि त्यात रंगराव कमरेपर्यंत रुतले होते. कोल्होबा काठावर उभे राहून त्यांना ओढत होते. बिळाच्या कडेला ताज्या मातीचा ढीग होता. ढिगावर नखांचे मोठमोठे ओरखडे होते आणि एक म्हातारा, पांढरा पडलेला काटा होता.

रंगराव कसेबसे बाहेर आले. बीळ असं मोक्याच्या जागी होतं, की आता बोळातून अस्वल जाईना, कोल्हा जाईना, वारा तेवढा जात होता.

"हे मावशींचं नवं दार आहे," कोल्होबा हताशपणे म्हणाले. "अण्णा, तुम्ही समितीचे सदस्य. शिवाय आत तुमचे वडील. समजवा त्यांना."

अण्णा काठावर वाकले. "बापू! अहो बापू! लोकांची वाट अडतेय. दार बुजवून टाका."

खालून बापूंचा आवाज आला, "नीट ऐकू येत नाही. खाली ये आणि बोल."

अण्णांनी डोकावून पाहिलं. खाली ऐसपैस जागा होती. ओल्या मातीचा थंडगार वास येत होता. खणताना लागलेलं कंदमुळांचं जाळं भिंतीतून लोंबत होतं. एका बाजूला मुंग्यांची नवी रांग चालली होती आणि मावशी तिच्यावर निवांत ताव मारत होत्या. शेजारी बापू पाय पसरून बसले होते. मावशींनी वर पाहिलं. अण्णांना वाटलं, आता त्या चेंडू होणार. त्या झाल्या नाहीत. त्यांनी आपली शेपटी थोडी बाजूला घेतली आणि तेवढी जागा करून दिली.

अण्णांनी मागे वळून कोल्होबांकडे पाहिलं, सुजऱ्या नाकाच्या रंगरावांकडे पाहिलं.

"मी आत जाऊन समजावतो," ते म्हणाले आणि उतरले.

थोड्या वेळानं चंद्राबाई रताळ्यांची टोपली घेऊन आल्या आणि त्याही समजवायला आत गेल्या.

वर रंगराव आणि कोल्होबा वाट बघत बसले आहेत. आतून अधूनमधून हसण्याचा आवाज येतो. बाळांनो, समजावणं अजून चालू आहे.

तात्पर्य: टेकडीवरचा तंटा मिटत नाही, तो फक्त न बोलणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवता येतो. म्हणून आपल्या घराला दुसरं दार असेल, तर ते शेजारधर्म म्हणूनसुद्धा कुणाला दाखवू नये. आणि दयेपोटी दाखवलंच, तर नखं कधी कापू नयेत.